एका ‘ळ’पायी अडलेली नात

ती. ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. दाजींनाही नमस्कार, पण तो उभ्याउभ्याच. मी सध्या चिडलेलो आहे. तुझा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरतेस ना? (धरत नसशील. ठाऊक आहे मला.)

फोन न करता पत्र लिहितोय, कारण आमच्या घरातल्या फळीच्या भिंतीला दोन्हीकडून कान आहेत. पलीकडे स्वयंपाकघर, अलीकडे माझा नावाच्या पाट्यांचा कारखाना. कानात बोळे घालून पितळ कापतो, तरी सगळं ऐकू येतं. आणि काय ऐकू येतं, तर धाकटी नात दीड महिन्याची झाली, पण अजून बिननावाची! थोरल्या दोघींची नावं ‘ळ’नं संपतात, तेव्हा हिचंही तसंच हवं म्हणे. जी दोन बरी नावं होती ती त्या दोघींनी आधीच पटकावली. सूनबाईनं सोज्वळ सुचवलं, तर आमच्या हिनं विचारलं, पोरगी तशी नाही निघाली तर? मग चिरंजीवांनी शब्दकोश आणला. (त्यात शब्द शेवटच्या अक्षरावरून लावलेले नसतात हे घरी आणल्यावर कळलं, म्हणून आता पहिल्या पानापासून वाचताहेत.) आभाळ आणि ओंजळ यांवर एक अख्खा दिवस गेला. कल्लोळ आणि गोंधळ यांवरही विचार झाला, हे लिहिताना मला लाज वाटते. विहीणबाईंनी सकाळ सुचवलं तेव्हा मात्र मी अलीकडून ओरडलो, मग पुढचीला काय, संध्याकाळ? पलीकडे चिरंजीवांनी तेही लिहून घेतलं.

नोंदणीच्या कारकुनानं फॉर्म दोनदा परत केलाय. महिनाअखेर नाव दिलं नाही तर दाखल्यावर नुसतं ‘बाळ’ लागेल. ही खोड घरात आणली कुणी, ते आत्ता महत्त्वाचं नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. : बरं, मीच आणली. दारावरच्या पाटीवर थोरल्या दोघींची नावं एकाखाली एक बसवली आणि शेवटी दोघींत मिळून एकच लांबलचक ‘ळ’. गिऱ्हाइकं थांबून बघायची, मी फुगायचो.

आणखी ता. क. : खरं काम हे. पोरीला तुझं नाव द्यावं असं माझ्या मनात आहे. मला पहिली करवत तू आणून दिलीस, तिच्यावर हे घर उभं आहे. तुझ्या नावात ‘ळ’ औषधालाही नाही, आणि तुला ते नाव कधी आवडलंही नाही. तरी सूनबाईला फोन करून तूच सुचव. माझं नाव काढू नकोस.

शेवटचं : पाकीट बंद करायच्या आत सूनबाईनं पत्र वाचलं. म्हणाली, “बाबा, आत्यांचंच नाव हवं होतं आम्हाला, पहिल्या दिवसापासून. पण तुमच्या पाटीचं काय, हे तुम्हाला विचारणार कोण?” दीड महिना फळीला कान लावून बसलो, तेवढं एकच वाक्य कुणी मोठ्यानं बोललं नाही.

पाटी उतरवली आहे. तुझा होकार मी गृहीत धरलेला नाही. अक्षरं फक्त कापून ठेवली आहेत.