भिंगरीच्या उबेची व्यवस्था

गोंदिया, दि. १२ जानेवारी २०२५

हा कागद ज्या दोघांसाठी आहे, माझा भाऊ राजदीप आणि यजमानांचे मित्र तिलक पटले, त्यांची आधी क्षमा मागते. रत्नपाल गेल्यापासून दोन वर्षे मी कोणाशीच धड बोलले नाही.

मी, अल्का रत्नपाल शहारे, वय ४६, महाविद्यालयात प्रयोगशाळा सहायक, माझे चित्त ठिकाणावर असताना आणि कोणी भरीस न घालता हे मृत्युपत्र लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर धीर देतात. मला व्यवस्था हवी आहे.

१. राहते घर व बँकेतील ठेव राजदीपला. आम्हाला मूल नाही. सौंदडला राहणारा राजदीप म्हणतो, "ताई, बाकी काही दे, थो सरडा मले नोको देऊ. सौंदडले लोकं घोरपड समजून कापून खातीन." तो खरे बोलतो, म्हणून त्याच्यावर रागावता येत नाही.

२. सरडा म्हणजे भिंगरी, आमची इग्वाना. तिची वनखात्याकडील नोंद कपाटात आहे. तिला मुंगन्याचा म्हणजे शेवग्याचा पाला, जास्वंदीची फुले, कोहळे द्यावे. पालक देऊ नये. गोंदियात असे प्राणी पाळणारे आम्ही मोजकेच. आमच्यात रीत आहे की जनावर विकायचे नाही, आणि देताना त्याची ऊब सोबत द्यायची. म्हणजे दिवा, आणि दिवा चालू-बंद करणारा डबा. म्हणून रत्नपालने बनवलेला डबा भिंगरीसोबतच जाईल. कोणाकडे, हे खाली लिहिते.

३. सोल्डरिंगची हत्यारे, मुलाम्याची टाकी आणि निकेलच्या पट्ट्या तिलकभाऊंना. टाकी मुळात त्यांचीच. रत्नपाल सर्किट जोडत, तिलकभाऊ तांब्याच्या टोप्यांना निकेलचा मुलामा देत. ही टोपी पिंजऱ्यातली ऊब मोजणाऱ्या, डब्याला तारेने जोडलेल्या सेन्सरवर बसते. साधे तांबे पिंजऱ्यातल्या ओलीने हिरवे पडते आणि सरडे ते चाटतात.

४. या कलमात मला एक जुना राग लिहायचा होता. भिंगरीचा जोडीदार शहाण्या एका हिवाळ्यात दिव्याखाली भाजून मेला. रत्नपाल तिलकभाऊंच्या दुकानात जाऊन ओरडले, "तुया मुलामा सुटला, म्हनून मेला तो!" तिलकभाऊ एवढेच म्हणाले, "फोडून त पाह एकदा." पुन्हा दोघे बोलले नाहीत. रत्नपालने ती टोपी पुरावा म्हणून जपली, पण फोडली नाही.

ती टोपी तिलकभाऊंना परत द्यावी, असे मी लिहिणार होते. वस्तूचे वर्णन अचूक हवे म्हणून आज भिंगातून पाहिली. मुलामा कुठेच सुटलेला नाही. मग करवतीने कापली. आत तारेचा जोड हिरव्या भुकटीने खाल्लेला.

तेव्हा आठवले. ती टोपी बनवली त्या दिवशी तिलकभाऊ सांगत होते, "काऊन घाई करतो गा? नुसती टोपी दे, तार मंग जोड." आणि रत्नपाल, "थंडी पडून राहिली बे, जनावरं गारठतेत. असंच टाक टाकीत." तारेसकट बुडवल्याने टाकीतले पाणी टोपीत शिरले आणि आतच राहिले. जोड कुजला. त्यामुळे सेन्सरला थंडीच वाटत राहिली आणि दिवा जळत राहिला. मी रसायनशास्त्राची पदवीधर. वेगळे काही असू शकेल का, हे पुन्हा पुन्हा तपासले. नाही.

रत्नपालचा जीव शहाण्यावर होता. तो आपल्याच घाईने मेला हे त्यांना कळले नाही, याचे बरे वाटावे की वाईट, मला ठरवता येत नाही. कलम ४ मधील राग मी रद्द करते.

५. रत्नपाल गेल्यानंतरच्या जलदान विधीला तिलकभाऊ आले होते, पण फाटकाबाहेरूनच परतले. शेजारच्या सुमित्राबाईंना त्यांनी विचारले होते, "लाइन गेली त भिंगरीले ऊब कोन देते?" सबब, माझ्यामागे भिंगरी, डबा व दिवा तिलकभाऊंना, त्यांची इच्छा असल्यास. इच्छा नसल्यास काय, हे मला सुचलेले नाही. ती जागा कोरी ठेवते.

हे मी स्वहस्ते लिहिले व दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: अल्का रत्नपाल शहारे

साक्षीदार:
१. सुमित्राबाई उके, शेजारी
२. चंद्रकुमार रहांगडाले, सहकारी

उद्या: तिलकभाऊंना टोपी दाखवणे. भिंगरीचे त्यानंतरच विचारणे.