मायची जांभळाची दवा

१७ जून १९५६, रविवार

तीनच बाटल्या उरल्या! फडताळ आवरताना मोजल्या, खोटं वाटून पुन्हा मोजल्या. तीनच.

मायला जाऊन दोन महिने झाले आणि मला हे आज सुचतंय. बा संध्याकाळी रेल्वेच्या ड्यूटीवरून येतात, हातपाय धुतात, भिंतीला टेकून बसतात. मग कटोरीभर दवा. घरात तिला दवाच म्हणायचं. आपला जिल्हा दारूबंदीचा, आणि मी शाळेत मास्तरीण! पण दवाच आहे ती. तेरा वर्षांपूर्वी बा मोहाची प्यायचे. गँगमनची नोकरी जायची पाळी आली होती. मायच्या कपाळावरची खोक तेव्हाचीच. मग एक दिवस माय म्हणाली, "सोडू नोका. पन बाहेरची नोको. मी घरी करून देतो, जांभळाची."

तेव्हापासून मोहाचा थेंब नाही. दर वर्षी जांभळं आली की माय वर्षभराची दवा करून ठेवायची. आता या तीन संपल्या की काय? नाल्यापलीकडची भट्टी अजून चालू आहे. बोरगावात सगळ्यांना ठाऊक आहे. बांनाही.

मला धास्ती बसली आहे. दवा मीच करायची, दुसरं कोण आहे घरात?

१९ जून

कृती कुणाला ठाऊक? मायनं मला कधी जवळ येऊच दिलं नाही. "तू शिक्याले जाय. हात काऊन काळे करतं?" मला आठवतं ते एवढंच — जांभळं, गूळ, सुंठ, मिरे, लवंगा. चिनी मातीची बरणी, तोंडाला फडकं. दोन-तीन दिवसांनी फेस.

शेजारच्या देवकाबाई तिच्या जोडीला असायच्या, पण त्या लेकीच्या बाळंतपणाला कारंज्याला जाऊन बसल्या आहेत. पोस्टकार्ड टाकावं म्हटलं. पण लिहू काय? इथला पोस्टमन वाचणार, तिथला वाचणार, आणि देवकाबाईंना वाचता येत नाही म्हणून तिसराच कुणी मोठ्यानं वाचून दाखवणार! राहू दे.

२३ जून

यंदा जांभूळच नाही. मे महिन्यातल्या आंधीनं कच्चीच झडली. बाजारात फिरफिर फिरले, दोन पायल्या मिळाल्या. एवढ्यानं काय होतं?

शेवटी ताराचंदच्या दुकानात द्राक्षाच्या रसाच्या बाटल्या दिसल्या. नागपूरहून येतात, आजाऱ्यांसाठी. चार घेतल्या. "पेशंट हाय का घरी, मास्तरीनबाई?" म्हटलं हो, आहे. खोटं तर नाही बोलले!

२४ जून, रविवार

केली. जांभळं तीन पाण्यांनी स्वच्छ धुतली, एकेक पुसली. बरणीला उकळतं पाणी दाखवलं. वरून द्राक्षाचा रस, गूळ, बाकीचा मसाला.

मायचा मोठा गंजही काढला होता. ते जर्मनचं पातेलं, पाहुणे आले की भात शिजवायचं. त्याचं बूड आतून जांभळं-काळं जळलेलं. राखेनं घासलं, विटकरीनं घासलं, हलायचं नाव नाही. एवढी टापटिपीची बाई आणि गंज असा कसा जाळून ठेवला? उचलून परत वर ठेवला.

बा दारातून बघत होते. 

२८ जून

फेस नाही. बुडबुडा नाही. बरणी मेल्यासारखी.

२९ जून

काहीच नाही.

१ जुलै, रविवार

भांडी घासता घासता एकदम आठवलं! जांभळं धुवायला मी एकदा बादली आणली होती, तर माय ओरडली होती, "धू नोको व! त्याईचा जीव त्याईच्या सालावर असते." आणि मी शहाणी! तीन पाण्यांनी धुऊन एकेकाचा जीव घेतला. शिवाय त्या बाटलीतल्या रसात, तो नासू नये म्हणून काहीबाही घालत असतील. मग तो उठणार कसा?

नाल्याच्या काठचं झाड गाठलं, ओंजळभर जांभळं मिळाली. न धुता, चुरडून, थोड्या मनुका घालून बरणीत टाकली. आता तुझी मर्जी, माय.

३ जुलै

उठलं! उठलं! बरणीला कान लावला तर आत बारीक सुरसुर चाललेली. फडकं वर फुगलं आहे. शाळेत दिवसभर उगाचच हसू येत होतं. चौथीच्या पोरी एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या — आज बाई मारून नाही राह्यल्या!

२२ जुलै, रविवार

गाळून बाटल्या भरल्या. रंग काय सुंदर आला आहे! बोटानं चाखली. घसा तापला, कानाच्या पाळ्यांपर्यंत गेलं. दुपारी फडताळात फाट्‌ करून आवाज झाला, बघते तर एक बूच उडून तांदळाच्या डब्यात. मायच्या बाटल्यांनी असा तमाशा कधी केला नव्हता. माझी जास्त जोरकस झाली असेल! मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

संध्याकाळी बांनी मायची शेवटची कटोरी घेतली. कटोरीत पाणी घालून, हिसळून तेही प्यायले.

२३ जुलै

आज माझी दिली. बांनी वास घेतला. एक घोट घेतला आणि थांबले. मग बाकीची एकदम, डोळे मिटून. थोड्या वेळानं बोलायला लागले, खूप बोलले. बा इतकं बोलत नाहीत. डोळे लालसर. रिकामी कटोरी पुढे केली, "आनखी दे." माय असताना त्यांनी दुसरी कधी मागितली नव्हती. मी घुटमळले तर कटोरी जमिनीवर आपटली.

मग कटोरीकडे बघितलं आणि ती पालथी घालून उठले. जेवले नाहीत. मला इतकं मोठं यश आलं असून आत काहीतरी टोचतं आहे.

२६ जुलै

तीन दिवस कटोरी तशीच. "पोट दुखते." काल घरी उशिरा आले. मी तोंडाचा वास घेतला — लेकीनं बापाच्या! पानाचा वास होता. लाज वाटली, पण धास्ती जात नाही.

५ ऑगस्ट, रविवार

परसातल्या पपईच्या बुडाशी माती जांभळी! फडताळात बघितलं, सगळ्या बाटल्या रिकाम्या. बांनी ओतून दिल्या! महिन्याची मेहनत!

मी नाही नाही ते बोलले. "मायच्या हातची गोड लागे, अन् माह्या हातची पपईले?" रागात माझी शाळेची भाषा कुठल्या कुठे जाते. बा मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी एवढंच म्हणाले, "हे तुह्या मायची नोयती, बाई." मी आत जाऊन रडले. नाही येत मला मायसारखं, नाही तर नाही! पण आता यांना रोखणार कशानं?

२ सप्टेंबर, रविवार

महिना झाला. बा वेळेवर येतात, जेवतात, झोपतात. मी अजून रोज दाराशी उभी राहून नाल्याच्या वाटेकडे बघते.

३० सप्टेंबर, रविवार

दसऱ्याला नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा! वस्तीत दुसरा विषय नाही. पांढऱ्या लुगड्यांसाठी बायका ताराचंदला नकोसं करताहेत. छापील कागदावर पाच शीलं आली आहेत. पाचव्यात सुरा आणि मेरय वर्ज्य. सुरा कळलं. मेरय काय? मला उगाच आशा — जांभळाची त्यातून सुटत असेल! शाळेतल्या सदाशिवराव मास्तरांनी कोश काढला. म्हणाले, "मैरेय. फळाफुलांची, गुळाची." म्हणजे नेमकी आपलीच! अडीच हजार वर्षांपूर्वीच पकडली!

बांना वाचून दाखवलं. शपथ घ्यायची तर जन्मभर पाळावी लागेल म्हटलं. ते हसले. "मले काय सोडाची हाय?"

बढाई वाटली मला. 

७ ऑक्टोबर, रविवार

देवकाबाई आल्या, नातू घेऊन. मी सगळं सांगितलं, धुतलेल्या जांभळांपासून पपईपर्यंत. त्यांनी विचारलं, "उकळली कितीक वेळ?"

म्हटलं, उकळायची कशाला?

"अव माय!" त्या मटकन खाली बसल्या. "बाई, तुही माय दोन दिवस फेस येऊ दे, तुह्या बाच्या देखत. मंग ते ड्यूटीवर गेले का गंजात ओतून दिवसभर उकळे. नशा सारी चुलीवर उडून जाये. घसा जळते तो सुंठ-मिऱ्यानं! तेरा साल तिनं त्याईले जांभळाचा काढा पाजला, अन् तू..."



मी गंज खाली काढला आणि कितीतरी वेळ मांडीवर घेऊन बसले. ज्या माणसाची तेरा वर्षांपूर्वीच सुटली होती, त्याच्या हातात मी दारू दिली. माझ्या हातानं. वर कौतुकाची वाट बघत बसले.

१४ ऑक्टोबर, रविवार

नागपूर. एवढी माणसं मी जन्मात पाहिली नव्हती! बांनी पाचवं शील सगळ्यांत मोठ्यानं म्हटलं.

१५ ऑक्टोबर

सकाळी बांच्या पाया पडले आणि सांगून टाकलं. मायनं तुम्हाला तेरा वर्षं फसवलं, ती दारू नव्हतीच. बा म्हणाले, "मालूम हाय. पयल्याच साली मालूम पडलं. पन फसवून राह्यल्याचा तिले एवढा आनंद होये, मी काऊन सांगू?" मग गंजाकडे बघून म्हणाले, "पुढच्या साली जांभळं धुजो नोको. पन उकळजो."