एकाच क्रमांकाचे तीन पेपर

४ जुलै २०१७, मंगळवार

जमलं! लातूरच्या प्रश्नपेढीखाली गिटचा, म्हणजे प्रत्येक मजकुराची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीचा, जो थर बसवला होता, तोच उचलून नांदेड शाखेच्या गृहपाठाच्या सॉफ्टवेअरखाली सरकवला. वरचं सगळं वेगळं, तळ एकच. दोन्हीकडचे जुने पेपरही आत ओतले. नव्यानं लिहीत बसले असते तर दीड महिना गेला असता.

क्लासचे मालक गुरुपादप्पा सर म्हणाले, "म्हणजे एकच इंजिन दोन गाड्यांना? एक बिघडलं की दोन्ही बंद की ओ." मालक आहेत, म्हणून मी हसले.

६ जुलै

सरांना पुन्हा समजावलं. पेपरच्या मजकुरावरून हा थर एक लांबलचक क्रमांक काढतो. स्वल्पविराम हलला तरी क्रमांक बदलतो. मजकूर तोच तर क्रमांकही तोच — लातूरहून येवो नाहीतर नांदेडहून. आणि तोच पेपर परत आला तर आता मी घेऊच देत नाही.

"चांगलंय. पण आपल्याकडं रिपीट होतोय कुठं? केमिस्ट्रीचे पेपर माधवराव सर काढतात."

माधवराव सर म्हणजे बाबा. एकदा दिलेला पेपर पुन्हा द्यायचा नाही हा त्यांचा हट्ट. गुरुपादप्पा सरांनी तो जाहिरातीतही छापलाय.

१२ जुलै, बुधवार

नांदेडहून ऑफिसच्या शिवकांताबाईंचा फोन. "मॅडम, आजचं शीट घेतच न्हाई की हे. 'आधीच आहे' म्हणून राहिलंय. कुठं हाय? माधवराव सरांनी आत्ता तर पाठवलं."

वर्गात दोनशे मुलं खोळंबलेली. शेवटी तपासणीच बंद केली, तेव्हा शीट गेलं. नाक कापलं गेलं माझं. सर म्हणाले, "मनस्विनी, राग नको. शनिवारपर्यंत दुरुस्त करा, न्हाई तर पुण्याचं तयार सॉफ्टवेअर घेतो."

दोन वर्षं घातलीत मी यात. दोन वर्षं!

१३ जुलै

दिवसभर तोच कोड. चूक सापडत नाही. चहा गार, डोकं गरम. बसवत नाही, उठवतही नाही.

बाबा शेजारी येऊन बसले. भूकंपाच्या साली त्यांच्या वर्गात असलेल्या मुलांची हजेरी म्हणून दाखवली, एकही नाव न चुकता. मग विचारलं, "जेवलीस का?" थोड्या वेळानं परत, "जेवलीस का?" तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी खेकसले. वाईट वाटतंय.

१४ जुलै

क्रमांक सोडले आणि सरळ पेपरच छापून शेजारीशेजारी ठेवले. नांदेडचं परवाचं शीट. लातूरचा २ जुलैच्या रविवारचा पेपर, जुन्यांबरोबर आत ओतलेला. पन्नासच्या पन्नास प्रश्न तेच, क्रमही तोच. मागे शोधलं, तर जूनमध्ये नांदेडच्याच दुसऱ्या बॅचला हाच गेलेला. मुलं वेगळी, सॉफ्टवेअर वेगळं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

म्हणजे माझा थर बरोबर होता! पाच मिनिटं नाचावंसं वाटलं. मग पेपर कुणी काढलेत ते आठवलं.

संध्याकाळी बाबांना सहज विचारलं, बुधवारचं शीट कधी काढलंत? "त्याच दिवशी सकाळी. अगदी ताजं." टेबलाच्या खणातून प्रश्नक्रमांकांचा कागद काढून दाखवला; हे क्रमांक टाकले की प्रश्नपेढी पेपर बनवून देते. घड्यांवर फाटायला आलेला. "रविवारचा राहिलाय अजून," म्हणाले, आणि तोच कागद समोर ठेवून एका बोटानं तेच क्रमांक टाइप करायला लागले.

भीती वाटते आहे.

१५ जुलै, शनिवार

उद्याचा पेपर मी काढला, खाली बाबांचं नाव घातलं. मग गुरुपादप्पा सरांना सांगून आले — चूक माझ्या कोडमध्येच आहे, पुण्याचं सॉफ्टवेअर घ्या.