पाच किलोवॅटची ऊब

२८ डिसेंबर, शनिवार

बोट घेऊन तीन आठवडे झाले. अठ्ठावीस फुटी, सेकंड हँड, मालक मायदेशी परत चालला होता म्हणून स्वस्तात. इथेच, दुबईपलीकडच्या रास अल खैमाच्या मरीनात धक्क्याला उभी असते. लेकीने, शुभ्राने, बाजूवर मोठ्या अक्षरांत ‘अनुपमा’ असं रंगवलंय. आज खुद्द अनुपमा पहिल्यांदा आली. लग्नात शब्द दिला होता, एक दिवस स्वतःच्या बोटीत बसवून चहा पाजीन. सूर्य मावळला, वारा सुटला, बाईसाहेबांनी ओढणी कानाभोवती गुंडाळली आणि वीस मिनिटांत म्हणाल्या, गारठले बाई, चल घरी. चहा राहिलाच.

अपयशाचं कारण सापडलं: तापमान.

९ फेब्रुवारीला लग्नाला पंचवीस वर्षं होतात. त्या दिवशी दोघांनी बोटीवर मुक्काम करायचा, ठरलं. जूनमध्ये ती शुभ्राच्या कॉलेजसाठी पुण्याला जाणार, निदान तीन वर्षं. म्हणजे हीच थंडी काय ती हातात. संकल्प: ९ फेब्रुवारीच्या आत केबिनमध्ये हीटर. त्रेचाळीस दिवस आहेत. टाइल्सच्या फॅक्टरीत एकोणीस वर्षं परचेस सांभाळतोय. भट्टीचे बर्नर मागवलेत मी. हीटर म्हणजे किस झाड की पत्ती.

२९ डिसेंबर

अजीजभाईंना बोलावलं. रत्नागिरीचे, तीस वर्षं इथे बोटींची कामं करतात. हात चांगला, पण दृष्टी मर्यादित. म्हणाले, साहेब, इथली थंडी पाहुणी, चार दिवस राहते नि जाते. एक गोधडी टाकून ठेवा, झालं काम. मला हसू आलं. गोधडी हे काय सोल्यूशन झालं?

५ जानेवारी

नियम म्हणजे नियम. तीन कोटेशन्स असल्याशिवाय मी घरात मिक्सरसुद्धा घेत नाही. अभ्यास करून डिझेल हीटर पक्का केला. टाकीतलं डिझेल जाळतो, गरम हवा आत सोडतो, धूर पाइपातून बाहेर. पहिल्या डीलरने टायपिंग मिस्टेक समजून एसीचं कोटेशन पाठवलं. दुसऱ्याने विचारलं, बोट नॉर्वेत आहे का. तिसरा इन्शाल्ला म्हणाला. इथे हीटरला गिऱ्हाईकच नाही, तेव्हा भाव पाडता येईल. उलट फायदाच.

११ जानेवारी

अनुपमा म्हणाली, आज संध्याकाळी जाऊन बसू या ना, मी दोन स्वेटर घालते. तिला समजावलं की कमिशनिंगआधी साइट वापरायची नसते. ती म्हणाली, केबिन आहे रे, भट्टी नाही. शुभ्रा खोलीतून ओरडली, डॅड, इट्स ट्वेंटी-टू डिग्रीज! बावीस आत्ता. सूर्यास्तानंतरचे आकडे कोण बघतो? मीच.

२५ जानेवारी

तिसरं कोटेशन मिळायला वीस दिवस लागले. आधीच्या दोघांनी मागाहून हीटरचेच चांगले भाव दिले होते, माल शारजात तयार होता. पण दोनावर ऑर्डर देणं तत्त्वात बसत नाही. एक्सेलमध्ये वेटेज लावून तिसरा निवडला. अजीजभाई म्हणाले, एवढ्याशा केबिनला दोन किलोवॅट रग्गड. पण परचेसमध्ये नेहमी एक साइज वरचा घ्यावा, म्हणून पाच. ३,८०० दिरहॅम. अनुपमाने मोठ्याने रुपये केले. तिला म्हटलं, रुपये करत बसलं तर या देशात पाणीसुद्धा पिता येणार नाही.

७ फेब्रुवारी

हीटर आला नाही. कोटेशनवर ‘एक्स-स्टॉक’, म्हणजे माल तयार, असं लिहिलं होतं. हा स्टॉक युरोपात आहे असं आज कळलं. बारीक अक्षरं वाचा, असं मी व्हेंडर लोकांना एकोणीस वर्षं सांगतोय. ते वाचत नाहीत. दरम्यान पाइपासाठी केबिनची जमीन उघडून ठेवली आहे. म्हणजे निम्मं काम झालंच.

९ फेब्रुवारी, रविवार

लग्नाचा वाढदिवस. दुपारभर मी बोटीवर, फळ्यांवर नंबर टाकत. सहा वाजता बघतो तर अनुपमा हजर. हातात थर्मास, डब्यात गुळाच्या पोळ्या, काखेत तिच्या आईने जुन्या साड्यांची शिवलेली गोधडी. म्हणाली, हीटर राहू दे, एका फळीवर बसू.

मोह होत होता, खोटं कशाला बोला. पण विचार केला, असं अर्धवट उरकून टाकलं तर खऱ्या उद्घाटनात मजा काय उरेल? तिला तसं नीट समजावलं. गोधडी बाकाखालच्या पेटीत ठेवली आणि हॉटेलात थाळी खाल्ली. पोळ्या घरी नेऊन फ्रिजमध्ये टाकल्या. ती घरी येताच झोपली. जिने चढून दमली असावी.

नवी तारीख: गुढीपाडवा, ३० मार्च. साडेतीन मुहूर्तांपैकी एक. हे तर आधीच सुचायला हवं होतं.

८ मार्च

हीटर आला! चकाचक. अजीजभाईंचे रोजे चालू, दुपारपर्यंतच काम करतात. धुराच्या पाइपासाठी बोटीच्या बाजूला भोक पाडायचं होतं. ते म्हणाले, साहेब, आतून मोजलंत, आता एकदा बाहेर जाऊन बघा. एकदा घेतलेलं माप पुन्हा घेणं म्हणजे स्वतःवर अविश्वास. पाडा म्हटलं.

भोक ‘प’मध्ये पडलं. आता बाजूवर ‘अनु मा’ राहिलंय, मध्ये पाइप. शुभ्रा म्हणाली, ओ माय गॉड, डॅड, यू ड्रिल्ड थ्रू मॉम. काय बोलतात ही मुलं! अनुपमाने फोटो पाहिला, दोनदा पाहिला, आणि कुकर लावायला गेली. लांबून तर दिसतही नाही.

३० मार्च, पाडवा

आज ईदसुद्धा. एकाच दिवशी! एक्सेलमध्ये चंद्राचा कॉलम नाही, माझी काय चूक? अजीजभाई येणार नव्हतेच. त्यांच्या घरून अजराभाभींनी शीरखुर्मा पाठवला. मी एकटाच मरीनात वायरी जोडत बसलो. दुपारी घरी आलो तर गुढी उभारून झालेली, पूजा झालेली, दोघी जेवलेल्या. माझं ताट झाकून ठेवलं होतं.

बाहेर तेहेतीस डिग्री. हरकत नाही. अक्षय्य तृतीया आहेच.

३० एप्रिल, अक्षय्य तृतीया

फिटिंग शंभर टक्के पूर्ण. नारळ फोडला. बटण दाबलं. हीटर ढिम्म. अजीजभाईंनी मॅन्युअल वाचलं आणि खाली बसून हसले. केबिन अडतीस डिग्री. गरम खोलीत थर्मोस्टॅट हीटर पेटूच देत नाही. जर्मन शिस्त! माझी निवड योग्य होती याचा हा पुरावाच. फक्त टेस्टिंगपुरती केबिन गार करावी लागेल.

अजीजभाई चेष्टेने म्हणाले, मग आता एसी लावा.

एसीसाठी तीन कोटेशन्स मागवली.

१७ मे

अनुपमाने तिकिटं काढली, ८ जून. म्हणाली, जायच्या आधी एकदा तरी जाऊ रे, टेबलफॅन लावून बसू, मला घाम चालेल. घाम चालेल काय? पंचवीस वर्षांची गोष्ट आहे, ती घामात उरकायची? एसी ४ जूनला येतोय. चार दिवसांचं मार्जिन आहे. व्हेंडरला रोज फोन करतो.

५ जून

बकरी ईदची सुट्टी. एसी गोदामात, गोदाम बंद. पुन्हा चंद्र.

८ जून

दोघींना दुबई एअरपोर्टवर सोडलं. शुभ्राने मिठी मारली. अनुपमा म्हणाली, जेवत जा वेळेवर. मी म्हटलं, तू येशील तेव्हा सगळं रेडी असेल. ती म्हणाली, तू रेडी हो आधी. याचा अर्थ विचारेपर्यंत ती आत गेली.

येताना गाडीत फार रिकामं वाटलं. बहुधा सामान उतरल्यामुळे.

१४ जून, शनिवार

एसी लागला. बाहेर एकेचाळीस. केबिन सोळा डिग्रीवर आणली. बटण दाबलं आणि हीटर पेटला! गरमागरम हवा. अनुपमाला फोन लावला. तिने विचारलं, चालला का रे? म्हटलं, फर्स्ट क्लास. ती म्हणाली, छान झालं, आणि फोन ठेवला.

अकरा मिनिटांनी हीटर ट्रिप होऊन बंद पडला. अजीजभाईंना फोनवर विचारलं तर म्हणाले, पाच किलोवॅट साहेब, जागेला जास्त होतायत. तो थंड झाल्यावर पुन्हा टेस्ट घ्यायची, म्हणून एसी चालूच ठेवला. थोड्या वेळाने शिंका सुरू झाल्या. हात गारठले. बाकाखालची पेटी उघडली, गोधडी तशीच होती. तिला घरातल्या कपाटाचा वास येत होता. अंगावर घेतली आणि पाच मिनिटांत छान ऊब आली.

हे अजीजभाईंना सांगणार नाही.

मग टेप लावून गोधडी मोजली. सात फूट बाय साडेपाच. दोघांना पुरली असती.