न गळणारा डोळा आणि गळणारी टाकी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पाठीत उसण भरली आहे, तेव्हा जमेल तेवढा वाकलो असे समज).

तुझा गुडघा, भाऊजींचा खोकला आणि तुमची मांजर कशी आहे ते कळव. डोळ्यांचेही कळव, खरे तर तेच आधी कळव. काचबिंदू आईकडून आपल्या दोघांना मिळाला (दागिने मात्र तुला एकटीला).

पत्रास कारण की, आयुष्यात प्रथमच माझी टाकी गळली. माशांच्या टाक्या बनवायला मी कुणाकडे शिकलो नाही, हे तू जाणतेस. काच कापणे, सांधे सिलिकॉनने भरणे, सगळे स्वतः चुकत शिकलो. पण माझ्या टाकीतले पाणी आजवर वाफ होऊनच गेले, दुसरी वाट त्याला मी ठेवलीच नाही. आणि ही गळली ती नेमकी दातांच्या डॉक्टरांच्या बाहेरच्या खोलीत. ताटकळलेल्या मंडळींनी पाय वर घेतले. एका आजोबांनी कवळीच्या पेल्यात दोन मासे वाचवले (कवळी मग कुठे ठेवली, यावर त्यांच्या घरी अजून चर्चा चालू आहे).

निरोप मिळताच मी धावलो, सोबत बायको पाणी पुसायला आली. वाकून म्हणाली, "अहो, डावीकडचा सांधा भरलाच नाही तुम्ही." मी म्हणालो, "कुठला डावीकडचा?" तिने माझे बोट धरून त्या फटीवर टेकवले. ती बोलायचे सोडून दाखवते तेव्हा प्रकरण गंभीर असते.

सांधा तपासताना मी डावा डोळा मिटून उजव्याने बघतो, हे तुला ठाऊक आहे. त्या उजव्या डोळ्याची नाकाकडची बाजू गेली होती. गंमत अशी की तिथे काळे काही दिसत नाही. सगळे जागच्या जागी असल्यासारखेच वाटते, मऊ, पहाटेच्या धुक्यातल्या गल्लीसारखे.

आता काचबिंदूसाठी रोज डोळ्यात घालायच्या थेंबांचे. डोळ्यात पाणी सारखे तयार होते आणि कोपऱ्यातल्या एका बारीक जाळीतून निघून जाते. आपल्यासारख्यांच्या जाळीतल्या पेशी कमी होत जातात, वाट तुंबते, दाब चढतो आणि मागची नस झिजते. पण त्याच जाळीच्या कडेला मूळपेशी असतात, नव्या पेशी घडवू शकणाऱ्या, असे वाचले आणि मी ताडकन उठून बसलो. हा तर माझा स्पंज! टाकीच्या गाळणीतला स्पंज जिवंत असतो. त्यातले जंतू पाणी स्वच्छ राखतात. टाकीत औषध ओतले की आधी तेच मरतात. म्हणून मी औषध टाळतो, आणि स्पंज आपला आपण सावरतो. हाच न्याय डोळ्याला लावून मी थेंब बंद केले (आणि मोठ्या ऐटीत तुलाही कळवले).

टाकी गळल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी दाब मोजला, माझे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काका, मूळपेशींचं काम अजून प्रयोगशाळेत चाललंय. तोवर तुमची नस काही थांबणार नाही. आणि गेलेलं परत येत नाही." (स्पंजाची उपमा त्यांना आवडली. तसे बोलल्या नाहीत, पण आवडली.)

आता थेंब घालतो आणि डोळ्याचा आतला कोपरा दाबून पडून राहतो. पापण्यांमागे दुपारचे नारिंगी पाणी भरते आणि मी त्यात उतरतो. जाळीच्या खांबांमधून पोहत जातो. कडेला मूळपेशी निजलेल्या असतात, नुकत्याच जन्मलेल्या पिल्लांसारख्या, आरपार दिसणाऱ्या. मी विचारतो, "उठता का?" एक कूस बदलते. "अजून कुणी हाक मारली नाही."

"मी मारतोय ना."

"तुम्ही मासेवाले," म्हणते आणि पुन्हा झोपते.

पलीकडून आई भिंतीला हात लावत चाललेली असते, शेवटी शेवटी चालायची तशी. मी तिला हाक मारत नाही. दचकेल. मग बायको म्हणते, "झालं, उठा," आणि खोली परत येते, जेवढी येते तेवढी.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : टाकी नवी करून दिली. सांधे आता बायको तपासते. तिने दोन चुका काढल्या. एक मी मान्य केली.

ता. क. २ : माझे मागचे, स्पंजाचे पत्र वाचून तूही थेंब बंद केलेस, असे भाऊजी सांगत होते. ताई, जन्मात माझे एक ऐकले नाहीस, नेमके हेच का ऐकलेस? चष्मा काढायच्या आत थेंबांची बाटली शोध. ते पत्र फाडून टाक.

ता. क. ३ : थेंब घातलेस की डॉक्टरकडे जा, दाब मोजून घे. एकटी जाऊ नकोस, मी येतो. आणि घाबरू नकोस. मी घाबरलोय तेवढे दोघांना पुरेल.