फुलपाखरू मध्यभागी नको

६ ऑक्टोबर १९९१, रविवार
आजपासून नवीन वही. निश्चय: महिनाभरात क्लोज-अप फोटोग्राफीतलं कॉम्पोझिशन सुधारायचं. म्हणजे सुधारण्यासारखं फार नाही, पण तरी. आमच्या छायाचित्र मंडळाच्या स्पर्धेचा विषय आहे ‘निसर्ग, अगदी जवळून’. निकाल दिवाळीनंतरच्या रविवारी, हॉलमध्ये, स्टेजवर. अठरा वर्षं नोकरी झाली, माझं नाव फक्त रजेच्या आणि चहाच्या वर्गणीच्या यादीत येतं. एकदा तरी ते माईकवरून घेतलं जावं. बाकी काही मागणं नाही.

कॅमेरा मेहुण्याने मस्कतहून आणलेला. त्यावर सासऱ्यांचं वाचायचं भिंग चिकटपट्टीने बसवलं. सासऱ्यांना कळवलेलं नाही.

मासिकातला नियम पाठ केला. विषय कधीही चौकटीच्या मध्यभागी ठेवू नये. एका बाजूला, तिसऱ्या हिश्श्यावर ठेवावा. नवीन पनवेलमध्ये हे बहुधा मला एकट्यालाच ठाऊक आहे. कुणालाही सांगायचं नाही.

७ ऑक्टोबर
आरोनला सांगितलं. कॅरम खेळताना तोंडातून निघून गेलं.

आरोन पेणकर म्हणजे शेजारच्या ब्लॉकमधला. जुना दोस्त, रोज संध्याकाळी आमच्याकडे कॅरमला. तो म्हणाला, हो, माहीत आहे मला. कसं माहीत? मासिक माझ्याकडे आहे. नंतर पाहिलं तर मासिक टेबलावर पालथं होतं. मी मासिक कधीही पालथं ठेवत नाही.

तोही स्पर्धेत उतरतोय. काकांचा जुना रिफ्लेक्स कॅमेरा आहे त्याच्याकडे. हे इतके दिवस बोलला नव्हता. मीही विचारलं नव्हतं, पण तो मुद्दा नाही.

९ ऑक्टोबर
कॅरमबोर्ड माळ्यावर टाकला. कुमुदला सांगितलं, पाठ दुखते. ती म्हणाली, तुमची पाठ की आरोन भावजींचा कॅमेरा? हिला कोण सांगतं हे सगळं? यापुढे या वहीत आरोनचा उल्लेख ‘क्ष’ असा करीन.

१३ ऑक्टोबर, रविवार, सकाळी
कोन गावाच्या रस्त्याला भाताच्या बांधावर गेलो. निळं फुलपाखरू दिसलं, पंखांवर डोळे असलेलं. हेच पहिलं बक्षीस. भिंगामुळे बरोबर वीतभर अंतरावरूनच फोटो स्पष्ट येतो, म्हणून कॅमेऱ्याला वीतभर सुतळी बांधली आहे. सुतळीचं टोक फुलपाखराला टेकलं की बटण दाबायचं. पद्धत माझी स्वतःची. टोक टेकलं की फुलपाखरू उडतं, हा एक किरकोळ दोष आहे. तरी बराच रोल मारला. कॉम्पोझिशन अप्रतिम. एकदाही मध्यभागी नाही.

शेताच्या मालकीण कृष्णाबाई बांधावर येऊन उभ्या राहिल्या. काय हरवलं काय, आमी पन बगतो, म्हणाल्या. काही नाही म्हटलं. मग म्हणाल्या, काल ते दुसरे सायेब पन आसंच वाकून बगत होते.

दुसरे साहेब! क्षने माझा बांध शोधलेला आहे.

१६ ऑक्टोबर
दादूच्या स्टुडिओतून प्रिंट आल्या. एकातही फुलपाखरू नाही. गवत आहे, माती आहे, एकात वरच्या कडेला पंखाचा कोपरा आहे. मी स्वतः व्ह्यूफाइंडरमधून बघून प्रत्येक फुलपाखरू जागेवर बसवलं होतं. दादू म्हणतो, निगेटिव्हमध्येच नाही. असं कसं नाही? दादूच्या स्टुडिओत क्षचेही रोल धुतात, हे मी आज पाकिटांवर पाहिलं. जास्त लिहीत नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार
आज हाफ डे. शनिवार मुद्दाम निवडला, कारण शनिवारी पेणकरांकडे शब्बाथ, म्हणजे ज्यू लोकांचा विश्रांतीचा दिवस, क्ष कॅमेऱ्याला हात लावत नाही. आपला पत्ता त्याला लागणार नाही असा हिशेब होता.

तर हा पायी फिरत बांधावर हजर. कॅमेरा नाही. म्हणजे नुसत्या डोळ्यांनी टिपतोय. माझ्या शेजारी बसला आणि माझ्या प्रिंट मागितल्या. एक दाखवली. बराच वेळ बघून म्हणाला, “बाळू, तू बघतोस वरच्या खिडकीतून आणि फोटो काढतं खालचं भिंग. लांबचं असलं तर चालतं. वीतभरावर दोघांना वेगळं दिसतं. कॅमेरा जरा वर उचल.”

वर उचल म्हणे! म्हणजे माझं कॉम्पोझिशन बिघडेल आणि याचं काम होईल. इतका गोड बोलतो माणूस. मी कॅमेरा मुद्दाम थोडा खाली धरला.

२० ऑक्टोबर, रविवार
क्ष आज कॅमेरा घेऊन आला. मी गवतात ओणवा. ऊन कडक, टकलावरून घामाच्या धारा, वर काहीतरी वळवळत होतं. घामच. कलावंत अशा गोष्टींसाठी हात हलवत नाही. निळं फुलपाखरू मघाशीच समोरून गायब झालं होतं, मी पान न् पान शोधत होतो.

इतक्यात क्ष मागून हलकेच म्हणाला, “हलू नकोस.” काय साधा डाव! मी पुतळा होऊन बसायचं आणि माझं फुलपाखरू हा टिपणार. तरी क्षणभर थांबलो, कारण मित्राचा आवाज आहे, सवय जात नाही. मागे खट्ट झालं. मी उठलो तर हसत होता. वर विचारतो, कसा वाटेल तुला? काय कसा वाटेल, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. रात्री जेवलो नाही नीट.

२२ ऑक्टोबर
नवा उपाय. फुलपाखरू थंडीत सुस्त होतं असं मासिकात आहे. एक पकडून स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवलं. कुमुदने कोथिंबिरीचा म्हणून उघडला. फुलपाखरू मुळीच सुस्त नव्हतं. डबा पडला, दह्याचं पातेलंही. मला म्हणाली, आरोन भावजी तुम्हाला खाली विचारत होते, पाठ बरी आहे का. तुम्ही किती दिवस त्या माणसाला टाळणार? मी म्हटलं, स्पर्धा आहे. ती म्हणाली, कुणाशी?

तिला कॉम्पोझिशन कळत नाही.

२५ ऑक्टोबर
दुसरा रोल. आता पंखाचा कोपराही नाही. दादूशी भांडलो. स्टुडिओत दोन बायका पासपोर्ट फोटोला बसल्या होत्या, त्यांच्यासमोर. निगेटिव्ह उजेडात धरून दाखवली त्याने. खरंच नव्हतं. म्हणजे हे लोक निगेटिव्हपर्यंत पोचले आहेत.

३१ ऑक्टोबर
प्रवेशिकांचा शेवटचा दिवस. गवताच्या काडीचा फोटो दिला. नाव ‘प्रतीक्षा’. परीक्षक खोलात जाणारे असतील तर पहिला नंबर. टेबलावरच्या बाईंनी विचारलं, वरची बाजू कोणती. हे चांगलं लक्षण समजतो.

५ नोव्हेंबर, दिवाळी
रेबेकावहिनी आणि आरोन फराळाला आले. दरवर्षी येतात. मी पाठ धरून आत पडून राहिलो. बाहेरून त्याने हाक मारली, बाळू, येतो रे. मी घोरण्याचा आवाज काढला. बरं वाटलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार
इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसलो. ‘प्रतीक्षा’ खांबामागे लावली होती, उलटी.

पहिला क्रमांक, श्री. आरोन पेणकर, छायाचित्राचं नाव ‘बाळूचा शोध’. माझं नाव माईकवरून घेतलं गेलं. दोनदा, कारण पहिल्यांदा माईक खरखरला.

पडदा सरकवला. गवत, त्यात नाक खुपसलेला मी, आणि माझ्या टकलावर पंख उघडून बसलेलं निळं फुलपाखरू. घाम पितंय. पंखांवरचे डोळे लख्ख. सगळा हॉल हसला, मागून कुमुदचंही हसू ऐकू आलं. परीक्षक म्हणाले, कॉम्पोझिशन बघा, डोकं कसं बरोबर तिसऱ्या हिश्श्यावर आहे, मध्यभागी नाही. ते खरं आहे. मला मान्य करावं लागलं.

आरोन स्टेजवरून खाली आला आणि आधी माझ्याकडे आला. म्हणाला, “तुला विचारायला रोज येत होतो, हा फोटो स्पर्धेत लावू का म्हणून. तू भेटलाच नाहीस.”

फार लाज वाटली.

घरी आल्यावर कॅमेरा समोर धरून पाहिला. खिडकी वर, भिंग खाली.

११ नोव्हेंबर
पेणकरांकडे बक्षिसाबद्दल मलिद्याचं ताट, गोड पोहे आणि फळं देवाचे आभार मानून वाटतात ते, संध्याकाळी आम्हा दोघांना बोलावलंय. कुमुदने फोटोची मोठी प्रत मागून घेतली, हॉलमध्ये लावणार म्हणते, सोफ्याच्या वर, अगदी मध्यभागी. मी नियम सांगितला. तिने ऐकलं नाही.

कॅरमबोर्ड माळ्यावरून काढून पुसला. पावडर संपली आहे. आरोनकडे असेल.