माझ्या नावाचा तुझा कागद

मनकर्णा,

मी सकाळच्या येष्टीनं दवाखान्यात चालले. गहिनीनाथनं विचारलं तर सांग, आई दूध सोसायटीत गेली. टँकर आला की आधी पिंप भर, मग बायकांशी भांड.

गर्भपिशवीच्या तोंडाच्या तपासणीत माझं थोडं खराब निघालंय. डाक्टरीण म्हनली, "मावशी, पाच वर्षामागचा तुमचा कागद साफ हाय, म्हणून घाई न्हाई. वर्षानं परत तपासू." मी मान हलवून घरी आले.

पर तो कागद तुझा हाय. कारखान्याच्या शिबिरात मला लाज वाटली आन माझ्या नावावर तुला आत धाडलं. तू नको म्हनत होतीस, मीच तोंड वाजवलं.

माझी ह्या खेपेआधी कधीच तपासणी झाली न्हाई. हे आज तिला सांगते. मग ती वर्षभर थांबायची न्हाई, दुर्बिणीनं बघून तपासायला तुकडा काढंल.

तुझी तपासणी झाली, पर तुझ्या नावावर कुठंच न्हाई. ते बी सांगते. ती वरडली तर आज मी उलटं बोलणार न्हाई.

भाकरी मी थापून ठेवल्यात.

तुझी सासू,
कडूबाई